तिथीवाचूनचा उपवास

आषाढ लागला, पेरण्या आटोपल्या, की वऱ्हाडातील माणसाचे चित्त शेतात ठरत नाही. पाऊस मनासारखा पडलेला असो वा नसो, एकादशीच्या आधी पंढरपूर गाठावयाचे ही ओढ त्यास स्वस्थ बसू देत नाही. या ओढीवर, नामाच्या गोडीवर आणि चंद्रभागेच्या वाळवंटावर आम्ही आजवर कीर्तनातून पुष्कळ बोललो. आज मात्र वाचकांची अनुज्ञा घेऊन एका अगदी लौकिक विषयाकडे वळणार आहोत. तो विषय म्हणजे प्रवासात बाहेर जेवताना होणारा खर्च आणि तो कमी करण्याची रीत. सणाच्या पानावर हॉटेलच्या बिलाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्यापाशी एका म्हातारीच्या रूपाने आहे. आधी तिची हकीकत ऐकावी.

सप्तमीचा उपवास

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या मार्गाने निघाले, शेलूबाजार मागे टाकले, की मालेगावच्या अलीकडे हे गाव लागते. आमचे वास्तव्य नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, कारंज्यास. त्यामुळे किन्हीराजा आम्हांस परके नाही. मागे एका आषाढात तेथील मंडळींनी आमचे कीर्तन ठेविले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बरोबर आम्हीही एस.टी.ने पंढरपुरास निघालो. चाळीस किंवा अधिक भाविक एकत्र आले तर थेट गावातून पंढरपूरची गाडी देण्याची सोय महामंडळाने अलीकडील वर्षांत केली आहे. त्या सोयीचाच लाभ गावाने घेतला होता.

तिथी शुद्ध सप्तमी. मेहकर मागे पडले होते. दुपारच्या वेळी गाडी रस्त्याकडेच्या एका हॉटेलाशी थांबली. त्या हॉटेलचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तसली हॉटेले कोणत्याही मार्गावर सापडतात. भिंतीवर दरांचा फलक नव्हता. मंडळी बसताच न मागता पाण्याच्या बाटल्या टेबलांवर आल्या आणि वाढणाऱ्या पोराने स्वतःच त्यांची झाकणे फोडली. ताटाबरोबर न सांगितलेले पापड आले, काकडीच्या बशा आल्या, ताकाचे पेले आले. मंडळी भुकेली होती. आले ते गृहीत धरून जेवली. शेवटी हिशेबाचे चिटोरे आले तेव्हा कित्येकांचे चेहरे उतरले. कोणी भांडले नाही. गाडी सुटावयाची होती, आणि वारीच्या वाटेवर जेवणावरून भांडणे गावकऱ्यांस कमीपणाचे वाटले.

आम्ही हात धुऊन बाहेर आलो. कडुनिंबाच्या सावलीत आमच्याच गाडीतील एक म्हातारी एकटी बसली होती. तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे आत जेवत होती. आम्ही विचारले, “माय, तुम्ही जेवल्या नाहीत?”

“मले उपास हाय महाराज.”

“आज तर सप्तमी. चतुर्थी गेली, एकादशीस अवकाश आहे. आज कोणता उपवास?”

म्हातारी हसली. लुगड्याच्या केळात खोचलेली पुरचुंडी तिने हाताने चाचपली आणि म्हणाली, “तुमची तिथी पंचांगात ऱ्हायते महाराज. माही तिथी या पुरचुंडीत हाय.”

मग तिने हळू आवाजात सांगितले. ती आत जाऊन आली होती. शेजारच्या टेबलावर पैसे मोजले जाताना तिने पाहिले होते. घरून निघताना जो पैसा बांधून आणला तो चार दिवसांचा होता. पहिल्याच जेवणात त्याचा एवढा तुकडा पडला तर परतीस काय उरणार? लेकरांस उपाशी ठेवता येत नाही, मुलाने दिवसभर काही खाल्लेले नाही, सुनेच्या अंगावर धाकटे पोर पिते आहे. तेव्हा पाचांतील एक ताट कमी करावयाचे तर ते कोणाचे, याचा निर्णय तिने कोणासही न विचारता करून टाकला होता. “लेकरं जेवली का मी जेवल्यावानीच हाय,” ती म्हणाली.

आमच्या हातास त्या वेळी नुकत्याच जेवलेल्या ताटाचा वास येत होता. आदल्याच रात्री त्याच मंडळींपुढे, याच म्हातारीपुढे, आम्ही एकादशीच्या उपवासाचे माहात्म्य दीड तास विस्ताराने सांगितले होते. ती पुढच्या रांगेत बसून मान डोलावीत होती. आम्ही ज्या शब्दाचा अर्थ तिला शिकवीत होतो, तो शब्द ती कशाकशासाठी वापरते याची आम्हांस कल्पनाच नव्हती.

उपवास म्हणजे काय?

संस्कृतात ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वस्’ म्हणजे राहणे. देवाच्या जवळ राहणे तो उपवास, असे आम्ही पुराणिक-कीर्तनकार नेहमी सांगतो. देहाचे लाड क्षणभर बाजूस ठेवून चित्त ईश्वरापाशी नेण्यासाठी माणसाने आपखुशीने केलेला तो नियम आहे. म्हातारीचा उपवास आपखुशीचा नव्हता. तो तिला दरफलक नसलेल्या भिंतीने, न मागता आलेल्या बाटलीने आणि आधी न केलेल्या हिशेबाने घडविला होता. देवाच्या नावाचा आडोसा तिने घेतला, तो मुलास संकोच वाटू नये म्हणून.

असा आडोसा ती एकटीच घेते असेही नाही. वाचकांनी आपापल्या घरच्या प्रवासांचे स्मरण करावे. कुटुंब बाहेर जेवावयास बसले, दरपत्रक हाती आले, की घरातील एक कोणीतरी म्हणते, “मला विशेष भूक नाही,” “मी तुमच्यातलेच थोडे घेईन,” “मला बाहेरचे सोसत नाही.” हे म्हणणारी बहुधा आई असते, नाहीतर आजी. पैसा तर वाचला पाहिजे. आणि तो कोठून वाचवावा हे आधी ठरले नसल्यामुळे तो अखेर घरातील सर्वांत अबोल माणसाच्या ताटातून वाचतो. आमच्या मते काटकसरीचा हा सर्वांत वाईट प्रकार होय. काटकसर अवश्य करावी; ती ताटावर बसण्यापूर्वी करावी. ताटावर बसल्यानंतर सर्वांनी पोटभर जेवावे.

ही जाणीव आम्हांस नवी नव्हती. आम्ही ती विसरलो होतो, एवढेच. बाळपणी पाठशाळेत शिकताना आम्ही वारावर जेवलो आहोत. आठवड्याच्या सात वारांना सात घरे ठरलेली असत. त्यांतील एका घरची मंडळी परगावी गेली की त्या वाराचे ताट बुडे. अशा दिवशी कोणी विचारले तर आम्हीही “आज उपवास आहे” असे सांगून पोथीत डोके खुपशीत असू. उपाशी आहोत हे सांगण्यापेक्षा उपवास आहे हे सांगणे सोपे जाते. त्या एका शब्दाने भूकही झाकते आणि मानही राहतो. पन्नास वर्षांनी तोच शब्द म्हातारीच्या तोंडून ऐकला तेव्हा तो आम्हांस ओळखू यावयास हवा होता.

वाटखर्चाचा नवा हिशेब

पूर्वी वाटखर्च म्हटला की त्यात गाडीभाडे मोठे असे. सांप्रत तसे राहिलेले नाही. राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास निःशुल्क झाला. पासष्टी ओलांडलेल्यांस अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांसही अर्धे तिकीट झाले. ही फार मोठी सोय होय. परंतु भज्यांच्या बशीस वयाची सवलत नाही आणि चहाचा पेला स्त्रियांस अर्ध्या दराने मिळत नाही. तिकीट उतरले आणि पोटाचा खर्च चढला; त्यामुळे गरीब घरची तीर्थयात्रा आता गाडीभाड्यापेक्षा जेवणाच्या थांब्यावर अडखळते.

पाच माणसांचे एक उदाहरण घेऊ. समजा, थाळी दीडशे रुपयांची. पाच थाळ्यांचे ७५० रुपये झाले. वीस रुपयांच्या तीन बाटल्यांचे ६०. न मागता आलेले पापड, ताक इत्यादींचे १००. पंधरा रुपयांप्रमाणे पाच चहांचे ७५. एकूण ९८५ रुपये, तेही एका वेळचे. आता दुसरी रीत पाहा. भाकरी घरच्या, पाणी घरचे, हॉटेलातून १२० रुपयांप्रमाणे दोन भाज्या घेऊन पाचांनी वाटून घेतल्या, आणि शेवटी पाच चहा. हा खर्च ३१५ रुपये होतो. एका जेवणात ६७० रुपये राहिले, आणि कोणाचेही ताट कमी झाले नाही. दर ठिकठिकाणी निराळे असतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

पाथेय

वाटेत खावयाच्या अन्नास संस्कृतात ‘पाथेय’ म्हणतात. आपल्या मराठीत शिदोरी. आमच्या वऱ्हाडातील बायकांस या शास्त्राचे धडे देण्याची योग्यता आमच्या अंगी नाही. दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, मेथीचे धपाटे, शेंगदाण्याची आणि जवसाची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे, मुरमुरे, एवढे बरोबर असले तर पहिल्या दिवसाची चिंता मिटते. ओली भाजी व वरण मात्र आषाढाच्या दमट हवेत लवकर विटते. ते बांधून नेऊ नये. शिदोरी पहिल्या दिवसापुरती धरावी, शिळ्याचा मोह धरू नये. दवाखान्याचा खर्च हॉटेलच्या खर्चाहून मोठा असतो.

एकादशीच्या दिवसाचा विचार वेगळा करावा. “एकादशी आणि दुप्पट खाशी” ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही. त्या दिवशी तीर्थाच्या गावी साबुदाण्याच्या उसळीस मागणी फार, आणि मागणी तेथे दर चढा. भगर, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, रताळी आणि केळी ही सामग्री आधीच घेऊन ठेवली तर फराळ स्वस्तही होतो आणि हलकाही. मात्र उघड्यावरचे भगरीचे सुटे पीठ घेऊ नये; उपवासाच्या दिवसांत त्यापासून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. महामंडळाने आपल्या स्थानकांवर विकावयाच्या बाटलीबंद पाण्यास ‘नाथजल’ असे नाव दिले, ते पैठणच्या एकनाथ महाराजांच्या स्मरणार्थ. ती कथा सर्वांस ठाऊक आहे. रामेश्वरास वाहावयाची गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. देवासाठी आणलेले पाणी तहानलेल्यास दिले आणि तेथेच रामेश्वर पावला असे मानले. ज्या मुलुखात ही कथा घरोघर सांगितली जाते, तेथे वाटसरूस साधे पाणी मागण्याचा संकोच का वाटावा? हॉटेलात बसताच “साधे पाणी द्या” असे स्पष्ट सांगावे. बाटली नको असेल तर तिचे झाकण फोडू देऊ नये. बाटली लागणारच असेल तर ती दुकानातून घ्यावी. दुकानदारास छापील किमतीहून अधिक घेता येत नाही. हॉटेलात टेबलावर दिलेल्या बाटलीस मात्र अधिक दर लावता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. एक रिकामी बाटली व पाण्याची सुरई घरून नेली तर हा सारा प्रश्नच उरत नाही.

विचारण्यात लाज कसली?

बाहेर जेवताना पैसा जातो तो पुष्कळदा खाण्यापेक्षा संकोचाने जातो. म्हणून बसण्यापूर्वीच दर विचारावा. फलक नसेल तर तोंडी विचारावा, आणि तो पुरी थाळीचा की राईस प्लेटचा, हेही विचारावे. ‘आज अमुक खास आहे’ असे वाढणारा सांगू लागला, की त्या खास पदार्थाचा दर आधी ऐकावा. पोटभर थाळी एकाने घेऊन दोघांनी खाणे हॉटेलवाल्यास चालत नाही, आणि त्यात त्याचे चुकतही नाही. लहान मुलांसाठी थाळीऐवजी वरण-भात वेगळा मागविता येतो. मोठ्या माणसांनीही आधी थोडे मागवावे. लागले तर पुन्हा मागविता येते, परंतु ताटात टाकलेले अन्न परत देता येत नाही आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे, अन्न न अव्हेरणे आणि अन्न विपुल करणे ही व्रते म्हणून सांगितली आहेत. ऋषींनी ताटातील उष्ट्यास धर्माचा विषय मानले. आपण निदान खर्चाचा विषय मानावा.

बिल हाती आले की ते वाचावे. चहा किती, भाकरी किती, हे मोजावे. साध्या हॉटेलच्या जेवणावर पाच टक्के कर असतो. परंतु काही लहान व्यावसायिकांनी कर भरण्याची एकरकमी पद्धत स्वीकारलेली असते. त्यांना तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि तसे बिलावर लिहावे लागते. शहरांतील मोठ्या उपाहारगृहांत सेवाशुल्क म्हणून आणखी एक ओळ आढळते. ते बिलात परस्पर जोडू नये अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या ग्राह्य ठरविल्या. तक्रार करावयाची तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. एस.टी.च्या अधिकृत थांब्यांवर तीस रुपयांत चहा आणि नाश्ता देण्याची योजनाही महामंडळाने आणली होती. थांब्यावर उतरताच तिच्याविषयी विचारून पाहावे. विचारणाऱ्यास कोणी हलका म्हणत नाही, आणि म्हटलेच तरी तो शब्द आजीच्या उपासमारीहून जड नाही.

येथे हॉटेलवाल्यांचीही बाजू सांगितली पाहिजे. सारेच काही लुबाडणारे नसतात. गॅस, तेल, डाळ, नोकरांचा पगार यांचा भार त्यांच्याही डोक्यावर असतोच. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला तेव्हापासून लांबची पुष्कळ वाहने तिकडे वळली, आणि जुन्या मार्गावरील ढाब्यांच्या बाजा ओस पडू लागल्या. अशा माणसाशी हुज्जत घालून नव्हे, आधी बोलून पैसा वाचतो. याचा प्रत्यय आम्हांस पुढे आला. तो यथास्थळी सांगू.

प्रसाद, खानावळ आणि दहा रुपयांचे ताट

स्वस्त अन्नाचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. आमच्या विद्यार्थिदशेत खानावळ हा परगावी राहणाऱ्याचा आधार होता. महिन्याचे पैसे आगाऊ भरावे, गावी जावयाचे असेल तर आदल्या दिवशी सांगून ‘खाडा’ लावावा, आणि तेवढे पैसे पुढील महिन्यात वळते करून घ्यावेत. मुंबईच्या गिरणगावात अशा खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांस प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले. पुण्यात हमाल पंचायतीने त्याच दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली; ओझी वाहणाऱ्यास परवडेल अशा दरात झुणका-भाकर मिळावी, हा तिचा हेतू. १९९५ मध्ये राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली. पुढे २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात असे तिचे स्वरूप ठरले. आपल्या मार्गावरील केंद्र चालू आहे की नाही आणि त्याची वेळ कोणती, हे मात्र आधी विचारून ठेवावे.

तीर्थाच्या गावी महाप्रसादाची सोय असते. शेगावच्या संस्थानचा महाप्रसाद आमच्या भागात सर्वांस परिचित आहे. श्रींची पालखी गेली पन्नासाहून अधिक वर्षे पायी पंढरपुरास जाते, आणि वाटेत आमच्याच मालेगाव तालुक्यातील मेडशी व शिरपूर येथे येते. तेव्हा ज्या घरी उद्याच्या पिठाची खात्री नाही, त्या घरूनही भाकरीची टोपली निघालेली आम्ही पाहिली आहे. कारंज्याच्या दत्त संप्रदायात माधुकरीची परंपरा आहे. ‘मधुकर’ म्हणजे भ्रमर. तो प्रत्येक फुलातून थोडा थोडा रस घेतो आणि कोणत्याच फुलास जड होत नाही. प्रसादाच्या रांगेत उभे राहताना ही वृत्ती असावी. ज्यास परवडते त्याने केवळ पैसे वाचविण्यासाठी दोनदा रांगेत शिरू नये. पंगतीत चार भांडी वाढावी, पत्रावळी उचलाव्या, दानपेटीत यथाशक्ती काही टाकावे. ज्यास परवडत नाही त्याने मात्र निःसंकोच जेवावे. प्रसाद त्याच्यासाठीच शिजविलेला असतो.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती अशी की, ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी. वाटसरूस तिथी विचारू नये, त्यास अन्न द्यावे, असा तिचा आशय आहे. कडुनिंबाखाली आम्ही नेमकी तिथीच विचारली होती.

पुढचा आषाढ

त्या दिवशी पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. गाडी सुटण्यास थोडा वेळ होता. आमच्या पिशवीत कारंज्याहून निघताना घरच्यांनी बांधून दिलेल्या दशम्या तशाच होत्या. हॉटेलचे जेवण समोर दिसताच आम्ही त्या विसरलो होतो. त्या आम्ही म्हातारीपुढे ठेवल्या. तिने आढेवेढे घेतले. आम्ही म्हणालो, “माय, सप्तमीस उपवास केल्याचा दोष लागतो, आणि पंचांग आमच्याजवळ आहे.” असे शास्त्रवचन कोठेही नाही. उभ्या आयुष्यात शास्त्राच्या नावाने आम्ही जाणूनबुजून सांगितलेली ही एकच थाप होय, आणि तिचे प्रायश्चित्त घेण्याचा आमचा विचार नाही. म्हातारीने दोन दशम्या खाल्ल्या, तिसरी नातवासाठी पदरात बांधली.

पंढरपुराहून परतल्यावर आम्ही किन्हीराजाच्या मंडळींस तिचे नाव न सांगता एवढेच म्हणालो की, आपल्या गाडीत कोणी उपाशी प्रवास केला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका मागून एक जण सांगू लागला. कोणाच्या बायकोस त्या दिवशी ‘डोके दुखत’ होते. कोणाची आई ‘गाडी लागते म्हणून’ जेवली नव्हती. हिशेब केला तेव्हा असे चार-पाच उपवास निघाले, आणि त्यांतील एकासही तिथी नव्हती.

पुढच्या आषाढात मंडळी निघण्यापूर्वी आठ दिवस देवळात बसली. माणशी सारखी वर्गणी ठरली. ज्यास देणे जड त्याने ज्वारी वा डाळ द्यावी असे ठरले, आणि कोणी काय दिले हे एका म्हाताऱ्याखेरीज कोणास कळू नये असेही ठरले. पहिल्या दिवसाची शिदोरी घरोघर. पंढरपुरात स्वतः चूल मांडून पिठले-भाकर. गावाच्या रस्त्यावर ढाबा चालविणाऱ्या एका गृहस्थांस मंडळींनी विचारले, “भाकर आमची, भाजी अन् चहा तुमचा, असं जमन काय?” ते म्हणाले, “हाव, काहून नाही? बाजा रिकाम्याच हायेत.” त्यांनी मार्गावरील आपल्या ओळखीच्या दोन ढाबेवाल्यांस फोन करून तीच सोय लावून दिली. चाळीस माणसांची भाजी आणि चहा एका वेळी खपणार म्हटल्यावर ढाबेवाल्यांनी दरही उतरविला. दोघांचेही भले झाले.

त्या वर्षीही आम्ही बरोबर होतो. दुपारी गाडी थांबली, बाजांवर फडकी पसरली, भाकरी निघाल्या. सर्वांत आधी म्हातारी माणसे बसतील आणि ती जेवल्यावर बाकीची, असा नेम मंडळींनी आपणहून घातला होता. आमची म्हातारी पहिल्या पंगतीत होती. वांग्याची भाजी तिने दोनदा घेतली आणि तिखट कमी पडल्याचा दोषही काढला.

एकादशीच्या पहाटे चंद्रभागेचे स्नान आटोपून ती वाळवंटात भेटली. आम्ही सहज विचारले, “माय, आज काय खाल्ले?” ती म्हणाली, “आज काही नाही महाराज. आज तुमच्या पंचांगातला उपास हाय.”

आजपासून चातुर्मास सुरू होतो. कोणी कांदा-लसूण सोडील, कोणी एकभुक्त राहील, कोणी पोथीचा नेम धरील. वाचकांस आमची प्रार्थना एवढीच की, त्या नेमांत आणखी एक घालावा. या चार महिन्यांत कुटुंबासह बाहेर जेवावयाचा प्रसंग आला, तर दरपत्रकाकडे पाहण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस विचारावे, “आज काय खाणार?” आणि तिने उपवास आहे असे सांगितले तर एकदा पंचांग उघडून पाहावे.